यादीत नसलेला दगड

जिल्ह्याच्या नकाशात वर, डाव्या कोपऱ्यात,
जिथं करमाळा तालुक्याची किनार फाटल्यासारखी दिसते,
तिथं आमचा रस्ता.
जेऊर सोडलं की आधी केळी, मग ऊस, मग वेड्या बाभळी,
आणि एका वळणावर, ताटातलं कालवण कलंडावं तसं
सगळीकडं उजनीचं पाणी.

मी या रस्त्याचा मैलकुली.
हल्ली हुद्द्याला दुसरंच काही नाव आहे,
काम तेच: खड्डे, बाभळी,
आणि मार्च संपायच्या आत किलोमीटरच्या दगडांना रंग.
अंगाला पांढरा, डोक्याला काळा.
तेवीस दगड.
चोविसावा यादीत नाही.

सातव्या दगडाला भोयांची जाळी वाळतात,
त्याला रंग द्यायचा तर आधी नगऱ्यांच्या शेवंताला विचारावं लागतं.
बाराव्याशी जुबेदा मुलाणीची पत्र्याची शेड,
चिलापीची थाळी, भाकरी कडक हवी की मऊ,
एवढंच विचारते, बाकी बोलत नाही.
थंडीत पुण्याच्या गाड्या येतात,
गळ्यात तोफेएवढे कॅमेरे.
"काका, फ्लेमिंगो कुठं?"
मी हातातल्या ब्रशनंच दाखवतो.
एकाच्या बुटावर पांढरा थेंब पडला,
तो पाखरं बघत राहिला, त्याला कळलंच नाही.
घरी जाऊन म्हणाला असेल, पाखरानं केलं.

तेविसाव्याच्या पुढं डांबर सरळ पाण्यात उतरतं,
म्हसरं उतरतात तसं, न थबकता.
तिथून पुढं अंबऋषीची होडी.
दोन मोटारसायकली, चार शेरडं, कारखान्याचा कारकून,
एकदा तर मुंडावळ्यांसकट नवरी.
पार मध्यावर आला की तो इंजिन बंद करतो
आणि कंडक्टरसारखा ओरडतो,
"सांगवे! सांगव्याचं कोण उतरणार हाय का?"
धरण भरलं तेव्हा हा सात वर्षांचा होता.
लोक हसतात.
एकदा एक म्हातारी उठून उभी राहिली,
पिशवी सावरली,
"हाय," म्हणाली.
मग चौफेर बघितलं आणि खाली बसली.
त्या फेरीचे पैसे अंबऋषीनं कुणाकडूनच घेतले नाहीत.

मे महिन्यात पाणी मागं सरतं.
चिखल तडकतो, शिंपले पायाला लागतात,
देवळाच्या जोत्याआधी दिसतो तो दगड.
वर सांगवे, खाली शून्य.
मी उरलेला डबा घेऊन जातो.
शेवाळ खरवडायलाच सकाळ जाते,
अक्षरं बोटाला आधी लागतात, डोळ्यांना मागून.

यंदा नवी इंजिनिअर आली, साळुंखे मॅडम.
रजिस्टर चाळून म्हणाली, एक लिटर रंग जास्त कसा?
म्हटलं, वाऱ्यानं उडतो.
ती हसली नाही. गाडीत बसा म्हणाली.
तेविसाव्यापासून पुढं आम्ही चालत गेलो,
तिच्या सँडलचा एक पट्टा चिखलात राहिला.
दगडाशी ओणवी होऊन तिनं वाचलं.
"शून्य? मग गाव कुठाय?"
मी काही बोललो नाही,
आमच्या दोघांच्या पायांकडं बघितलं.
तीही बघत राहिली.
नंतर वहीत काहीतरी लिहिलं.
काय ते मला दिसलं नाही,
आणि चष्मा घरी होता, हेही खरं.

त्या वर्षी पाणी लवकर आलं.
इकडं आभाळ कोरडं ठक्क,
पाऊस लांब कुठं घाटमाथ्यावर पडलेला,
आणि आमच्याकडं नुसतं पाणी चढत चाललेलं,
गुपचूप, मागच्या दारानं पाहुणा यावा तसं.
आधी शून्य बुडालं.
नाव दोन दिवस वर राहिलं.
रंग पुरता वाळलाही नव्हता.

आठवड्यानं अंबऋषी भेटला, जुबेदाकडं.
होडी काठावर ओढून घेतली होती, डांबर लावायला.
"ये की जरा," म्हणाला,
आणि मला बुडाशी वाकायला लावलं.
काळ्या लाकडावर, पुढून मागपर्यंत,
वीतभर रुंद, थोडा तिरका
माझा पांढरा पट्टा.

"ह्यो तेवढा ठेवतो," तो म्हणाला,
आणि बाकीच्याला डांबर फासत बसला.