केंतो

फळीच्या कोपऱ्यात एक खाच असते,
भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी. तिला केंतो म्हणतात.
ओलसर कागदाचा कान तिथे टेकवायचा, मग कागद सोडायचा.
टेकला, तर कंदील कंदिलात राहतो.
नाही टेकला
तर तांबडा रेषेबाहेर पडतो,
जत्रेत आईचं बोट सुटलेल्या पोरासारखा.

माझा बाप तोमेगोरो. बाकुरोचोच्या मागच्या गल्लीत
दिवसाला दोनशे कागद छापायचा.
चित्र दुसऱ्याचं, कोरणं तिसऱ्याचं,
शिक्का दुकानदाराचा.
बापाचं नाव कुठेच नाही,
फक्त उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.

आमच्या घरी सण आधीच येऊन जायचे.
बाराव्या महिन्यात, सरसाच्या वाटीवर साय धरलेली,
आणि दोरीवर मुकोजिमाचा चेरीबहर
वाळत घातलेला.
गावभर कागदी मासे वाऱ्यावर फुगत तेव्हा
बाप शरदाचा चंद्र घासत बसलेला.
खरा चंद्र उगवेपर्यंत
आम्हाला त्याचा कंटाळा आलेला असे.

चुकलेले कागद दुकानदार घेत नसे.
आई ते खळीने भिंतीला लावी,
जिथून वारा यायचा तिथे.
मी त्या शहरात वाढले:
बहर फांदीपासून अर्धं बोट दूर,
पुलावरच्या बाईच्या ओठांचा करडई-तांबडा
तिच्या हनुवटीवर,
छत्री एकीची, छत्रीचा रंग भलतीच्याच डोक्यावर.
मला वाटायचं, माणसं अशीच असतात.
अजूनही पुष्कळदा वाटतं.

नऊ वर्षांची होते. निळा संपला.
नागासाकीहून यायचा तो आलाच नाही,
म्हणून काम बंद,
म्हणून नदी उघडण्याच्या रात्री आम्ही र्योगोकूला गेलो.
ही रात्र बापाने अकरा वर्षं छापली होती.
पाहिली नव्हती.

होडीतून कलिंगडवाला ओरडत होता.
भाजलेल्या वामेचा धूर, घाम, कुणीतरी माझ्या पायावर पाय दिला.
चित्रात गर्दीला वास नसतो, हे बापाला माहीत नसावं,
तो नाक वर करून उभा.
मग एक ठिणगी चढली, थांबली,
उमलली. नुसती नारिंगी.
हिरवा नाही, जांभळा नाही,
आम्ही फुकटच पाच फळ्या वापरत होतो.
आणि दोन श्वास उलटून गेल्यावर
धडाड् आवाज.

बाप इतका हसला की शेजारचे वळून बघू लागले.
वाकून माझ्या कानात म्हणाला,
"ओनुई, वरच्यालासुद्धा केंतो साधत नाही गं."

दुसऱ्या दिवशी निळा आला.
भर उन्हाळ्यात, धोतराने मान पुसत,
बाप बर्फातली संध्याकाळ छापायला बसला.
आभाळाला निळा, नदीला निळा,
आईच्या शिव्यांकडे दुर्लक्ष.
मी विचारलं, बर्फाला कोणता रंग?
कोणताच नाही, म्हणाला.
तिथे कागदाला हात लावायचा नसतो.