ओलं फडकं

साखर पेठेत, पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर
एक काळा फळा. कुणीही लिहावं.
नळाला पाणी: पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
जेकार्डवर कामगार पाहिजे, रात्रपाळी.
ज्याची शेळी असेल त्याने न्यावी, तिने पावतीबुक खाल्लंय.
वर मराठी, तिच्या खाली तेलुगू,
कोपऱ्यात कानडी दाटीवाटीने,
आणि उर्दू उजवीकडून निघून
मधेच कुठेतरी आम्हाला भेटायची.

राजेशम वडनाल फळ्याखाली बसायचा.
मिल बंद पडल्यावर उरलेला जॉबर,
खिशात खडू, खांद्यावर ओलं फडकं.
नेमलं कुणी नव्हतं त्याला.
चुकीचं पाणी लिहिलं तर म्हणायचा,
"काय बे, तुझ्या घरात नदी आहे का?"
आणि लिहिणाराच हसत पुसायचा.

एका उन्हाच्या दुपारी
कुणीतरी विडी कारखान्यातल्या एका पोरीबद्दल लिहिलं.
लोक म्हणाले, पुसा.
तो म्हणाला, "थांबा. अक्षर ओळखू द्या."
'र'ची शेपटी बघून तो दत्त नगरात गेला,
त्या पोराच्या घरी चहा प्यायला,
बापाच्या मागाची घोटी बदलून दिली,
आणि पोराला हाताला धरून घेऊन आला.
पोराने पुसलं. सगळ्यांदेखत. हळूहळू.
पुढच्या आठवड्यात त्याच शेपटीच्या अक्षरात
पाण्याची वेळ होती. चुकीची, पण होती.

अजून लोक ही गोष्ट सांगतात.
मी सांगत नाही.
ती पोरगी मी.
चहा प्यायला त्याला दोन तास लागले,
आणि दोन तास ती ओळ उन्हात उभी होती,
मी विड्यांची टोपली घेऊन
मागच्या बोळातून, गटार ओलांडून घरी गेले.

म्हणून तो गेल्यावर फडकं मी मागून घेतलं.
मी दोन तास लावले नाहीत कधी.
रात्री साडेदहाला, गिरणी बंद झाली की,
बादली, फडकं, एक चक्कर.
शिवी गेली. टोमणा गेला.
कुणाच्या बायकोचं नाव, कुणाच्या जातीचं बोट,
सगळं पाण्यात खळखळून गटारात.
सकाळी फळा नव्या नवरीसारखा.
बायका म्हणाल्या, बरं झालं सुगुणा.
बरं झालंच होतं.

मग खाजाभाईने लिहिलं,
मालकाच्या केबिनमधल्या पंख्यावर दोन ओळी.
आमचा घाम मोजतो तो पंखा, असं काहीतरी.
घाण नव्हतं त्यात काही.
पण मालकाचा माणूस रोज गिरणीवर येतो,
उगाच भांडण नको, म्हणून मी पुसलं.
पहिलीच ओळ वाचली होती मी.

सकाळी खाजाभाई आला.
फळ्यावरचा ओला डाग बघितला,
बोटांचा खडू विजारीला पुसला,
आणि गेला.

त्यानंतर काही झालं नाही.
हेच सांगायचं होतं मला, काही झालं नाही.
शेळीबद्दल कुणी लिहिलं नाही.
उर्दू उजवीकडून निघाली नाही.
पाण्याची वेळ आली, अचूक, रोज,
छापल्यासारखी, कुणाच्याच अक्षरात नसलेली.
लोक चालता चालता मान वळवून वाचायचे,
थांबायचं कारण उरलं नव्हतं.

परवा मी खाजाभाईकडे गेले.
चहा मागितला नाही, त्याने विचारलाही नाही.
आठही माग चालू होते,
जमीन पायाखाली थरथरत होती.
मी ओरडून विचारलं,
"दुसरी ओळ काय होती?"
त्याने तुटलेला धागा शोधला, गाठ मारली,
माग परत चालू केला, मगच बोलला.
विसरलो, असं म्हणाला बहुतेक.
किंवा दुसरंच काही.
मागांच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही.

येताना फळ्यापाशी थांबले.
कोपऱ्यात, खाली, लहान मुलाच्या उंचीवर
कुणीतरी लिहिलं होतं: सुगुणाक्का, पुसू नका.
त्याखाली काहीच नव्हतं.
साडेदहा वाजून गेले.
फडकं बादलीत आहे.