मकाबी

रिसेप्शनवरच्या नकाशात सगळं होतं:
योगवर्ग, मसाज, सूर्यास्ताची होडी.
मासे कुठे, विचारल्यावर मुलीने
जेवणघराकडे बोट दाखवलं.

पहाटे निकानोर पेच दंताळ्याने
रात्री वाहून आलेलं तपकिरी शेवाळ ओढत होता,
पाहुणे उठायच्या आत
समुद्र नीटनेटका दिसायला हवा.
त्याने माझी काठी पाहिली,
मग टोपीला खोचलेली माशी,
कोळंबीच्या रंगाची, सशाच्या केसांची.
खोटी?
खोटी.
आमच्याकडे माशी आणि मासा
सख्खी भावंडं वाटतात ऐकताना,
हे त्याला कसं सांगावं कळेना.

"मकाबी," तो म्हणाला,
आणि दंताळ्याच्या टोकाने वाळूत काढलं
जनरेटरची खोली, कुंपण, कांदळवन,
मधून एक वाकडी रेघ.
"ओहोटी लागली की जा. ऊन पाठीवर घे.
मासा शोधू नकोस, तो दिसायचा नाही.
सावली शोध."
लाट आली, नकाशा घेऊन गेली.

गुडघाभर पाणी. चुन्यासारखा गाळ.
तासभर नुसतं ऊन.
मग शेपट्या वर आल्या, तीन, पाच,
भिंतीवर काचा खोचाव्यात तशा.
माशी टाकली.
दोरा असा पळाला की बोट कापलं,
आणि सैल.

संध्याकाळी त्याला सांगितलं.
"तिथेच बाबांची जाळी वाळायची," म्हणाला.
"केवढा होता?"
मी हात पसरले.
मनगटावरचा निळा पट्टा दोघांनाही दिसला.
कुंपणाच्या फाटकावर तोच दाखवावा लागतो.
निकानोरने माझे हात धरले
आणि वीतभर
आणखी लांब केले.