कोणाचा हात

साडेचारला उठते थोरा.
जिन्याची तिसरी पायरी करकरते म्हणून गाळते ती,
माझी झोप मोडू नये म्हणून,
आणि त्या गाळलेल्या आवाजानेच मला जाग येते.
बावीस वर्षं झाली. मी सांगितलेलं नाही.

खाली डुलूथची थंडी काचेला चिकटलेली,
सरोवरावर एखादं खनिजाचं जहाज
पूल वर घ्या म्हणून भोंगा देतं.
स्वयंपाकघरात गरम हवेच्या झरोक्यापाशी ती,
पायांत माझे मोजे,
पुढ्यात माझ्याच पावत्यांचा पाठकोरा गठ्ठा:
ब. ओलेस्की, भट्टी व बॉयलर दुरुस्ती.
पुढच्या बाजूला श्रीमती कोइविस्तोंचा पंप, अठ्ठेचाळीस डॉलर,
मागच्या बाजूला दोन बायका पहिल्यांदाच
एका छत्रीत.

एकदा तीच पावती टपालाने गेली.
कोइविस्तोबाईंनी पैसे पाठवले, सोबत चिठ्ठी:
पुढं काय झालं?

रोज तीनशे शब्द. त्यावर सुचलं
तर ते उद्यासाठी हातचे.
आणि भिंतीवर खडूने एकच नियम:
कोणी मरणार नाही.
तिच्या तरुणपणी गावच्या वाचनालयात
अशी दोनच पुस्तकं होती, मागच्या कपाटात.
एकीत एक बुडायची,
दुसरीत एक नवऱ्याकडे परत जायची.
यातलं वाईट कुठलं ते थोराला
अजून ठरवता आलेलं नाही.
(एक कुत्रा मारला होता तिने, चौथ्या कादंबरीत.
त्याबद्दल अजून पत्रं येतात.)

पण तिचं खरं भांडण मरणाशी नाही, व्याकरणाशी आहे.
"तिने तिचा हात तिच्या हातात घेतला."
सेंट पॉलची संपादक, कॉर्डेलिया,
समासात लाल शाईने विचारते: कोणाचा हात?
एक तो आणि एक ती असती
तर सर्वनामांनीच निम्मं काम केलं असतं.
इथे दोघीही ती.
नावं घालावीत तर शाळेतली हजेरी होते,
"उंच बाई" म्हणावं तर पोलिसातली तक्रार.
एकदा ओळख पटावी म्हणून तिने एकीला
लोकरी हातमोजा घातला,
आणि मग तो प्रकरणभर तसाच राहिला,
ऐन जुलैत.

मी पुस्तकं वाचत नाही फारशी. पण ओळखते.
सहाव्या कादंबरीतल्या सुतारणीच्या अंगठ्यावर
माझा भाजल्याचा डाग आहे.
तिच्या तोंडी माझ्या आईची शिवी.
विचारलं तर थोरा म्हणते, छे, ती कोणीच नाही.
मी विचारणं सोडलं. घरातलंच घरात फिरतंय.

या हिवाळ्यात तिची बोटं वाकेनाशी झाली,
आधी सकाळी, मग दिवसभर.
अकरा दिवस ती नुसती बसून राहिली,
पावत्या चळत लावून, कोरी बाजू वर.
यंत्रावर बोलून पाहिलं. म्हणाली,
ते ऐकत नाही, नुसतं उतरवून घेतं.
बाराव्या दिवशी मी पेन्सिलीला टोक काढलं.

आता ती सांगते, मी लिहिते.
माझं अक्षर म्हणजे नळाचे सांधे.
मध्येच मी म्हणते, भट्टी असा आवाज करत नाही.
ती म्हणते, माझ्या पुस्तकात करते.
मग थोडा वेळ दोघी गप्प.
मग ती म्हणते, बरं, कसा करते?

पहिली चाळीस पानं गेली सेंट पॉलला.
परत आली तेव्हा वरच, पहिल्या ओळीशेजारी,
तीच लाल शाई, तोच प्रश्न:
कोणाचा हात?

मी त्याखाली उत्तर लिहिलं. मग खोडलं.
थोराला दाखवलं, ती इतकी हसली
की चष्मा काढून पुसायला माझ्याकडे दिला.
उत्तर तसंच राहिलंय. सकाळी पाठवायचं आहे.

तिसरी पायरी आता दोनदा करकरते.
कोइविस्तोबाईंचा पंप पुन्हा बिघडलाय.