एक युरो

खिडकीतली बाई मान वर करत नाही,
चपलांवरूनच ओळखते:
"पाणी गार आहे आज, ओंदिना."
मी एक युरो ठेवते. सुट्टा.

बस मी घेत नाही.
येताना उतार आहे, उताराला तिकीट नसतं.
चढाचं संध्याकाळी बघू.

निवृत्त झाले त्या महिन्यात मुलीने विचारलं,
आता दिवसभर करशील काय?
त्रिएस्तेत हा प्रश्न कुणी विचारू नये.
दगडी धक्क्यावरून थेट समुद्रात चालत जावं,
टोकाशी बसून कॉफीची जहाजं मोजावीत
(चाळीस वर्षं त्यातलीच फाटकी पोती शिवली,
आता नुसती बघायची, ही केवढी चैन).
वाचनालयात पंखा असतो,
आणि कालचा पेपर आजच्याइतकाच खरा.
हिवाळ्यात बोरा वारा सुटला की
खिडकीत बसून लोकांच्या टोप्या जाताना बघायच्या.
एकदा एका वकिलाची छत्री गेली.
आठवडाभर पुरली आम्हाला.

पण उन्हाळा म्हणजे ही भिंत.
पांढरी, दोन पुरुष उंच,
अलीकडे बायका, पलीकडे बाप्ये.
कुणी बांधली, का बांधली, मला विचारू नका.
पाडायची म्हटलं तर पहिल्यांदा आम्हीच भांडू.
इथे निवेस पोटावरचे टाके उन्हाला दाखवते,
झोरा दोन भाषांतली दोन शब्दकोडी एकदम सोडवते
आणि एकीतला शब्द दुसरीत घुसडते.
आम्ही पत्ते कुटतो. तलवारीची सत्ती हरवली आहे,
तिच्या जागी दातांच्या डॉक्टरचं कार्ड.
सगळ्यांना माहीत असतं ते कुणाकडे आहे.

पलीकडे लिव्हिओ असतो.
आम्हाला वेगळं होऊन एकोणीस वर्षं झाली.
घरी मीठ मागण्यापलीकडे तोंड न उघडणारा हा माणूस
भिंतीपलीकडे रोज एक मासा पकडतो.
तोच मासा.
आधी हाताएवढा होता,
गेल्या साली वल्ह्याएवढा,
यंदा तर नाव उलटायला आली होती म्हणे.
मी डोळे मिटून ऐकते.
पैसे एका बाजूचेच भरलेत,
पण कानांना कोण अडवतंय.

मंगळवारी तो म्हणाला,
"मग बायकोने तो असा रांधला, असा रांधला,
की शेजारी ताट घेऊन आले."

माझ्याच्याने राहवलं नाही.
उभी राहिले, ओल्या टॉवेलसकट, आणि ओरडले:
"खोटं! मधून कच्चा राहिला होता!
मांजराने खाल्ला!"

दोन्हीकडे चिडीचूप.
एक पोर रडायचं थांबलं.
निवेसच्या हातातले पत्ते उताणे पडले,
आणि सत्ती तिच्याकडेच निघाली.
मग पलीकडून, हळू,
कुणीतरी पहिल्यांदाच जीना चढून आल्यासारखा आवाज:
"मांजर कुठलं? आपल्याकडे मांजर नव्हतं."

नव्हतंच.
खालच्या मजल्यावरच्या ब्रुनाचं होतं.
हे मी सांगितलं नाही.

बुधवारी खिडकीतली बाई मान वर करून म्हणाली,
"तुझे भरून गेलंय कुणीतरी."
मला राग आला. खरंच आला.
एकोणीस वर्षं कुणाचं काही देणं नव्हतं,
आणि आता एक युरो.
फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांनी
असला युरो कधी गिळून पाहावा.
मी माझं नाणं काढलं, काचेखाली सरकवलं:
"मागून येईल तिचं धरा."
मागे एक गरोदर पोरगी होती, टरबूज घेऊन.
तिने मला अर्ध टरबूज दिलं,
म्हणजे हिशेब पुन्हा बिघडला.

पाणी खरंच गार होतं.
मी मानेपर्यंत गेले, भिंत संपते त्या टोकाच्या जवळ,
फार नाही, जवळ.
पलीकडे गोष्ट सुरू झाली होती.
मासा आज वीतभर लहान होता.