प्रमाणित भाषांतर

लष्करात मोडी वाचणारा आता मी एकटाच,
म्हणून जनकगंजातल्या कुमुद इंदापवार
गिरणीच्या पिशवीतून सनद घेऊन आल्या.
पानाला शंभर रुपये. चष्मा पुसला, वाचली:

मेहेरबान होऊन जागा दिल्ही असे.
लेकराचे लेकरी, चंद्रसूर्य असेतोवर
सुखरूप अनुभवावी.

दुसरा कागद महापालिकेचा, हिंदीत.
जागा खाली करा, मुदत तीन दिवस.
दारावर डकवला चौथ्या दिवशी.

कोर्टात वकीलबाईंनी माझं भाषांतर
उघडलंच नाही.
राजाची मेहेरबानी राजाबरोबर गेली, काका.
आपण ती मागायला आलेलो नाही.
मग उभ्या राहून एवढंच म्हणाल्या:
यांना कुणी विचारलंच नाही, माय लॉर्ड.

सरकारी वकील कागद चाळत राहिले,
पंखा ऐकू येईल इतका वेळ.

आदेश अडीच ओळींचा.
पुढच्या तारखेपर्यंत जैसे थे.
आधी यांचं ऐका.

कुठे चंद्रसूर्य, कुठे सोळा तारीख.
पण जिन्यावरच कुमुदताई थांबल्या,
म्हणजे आता मी बोलायचं?

मोडीत शब्द सुटे नसतात.
बोरू उचलायचा नाही, ओळ संपेस्तोवर.
तशा त्या बोलू लागल्या:
नळाचं कनेक्शन मालकांचा दमा
एक्याऐंशी सालची घरपट्टीची पावती ती जपलीय हं मी
गिरणीचा पट्टा तुटला ती रात्र

रिक्षा येईपर्यंत,
रिक्षा सुरू झाल्यावरही,
मान बाहेर काढून.