पसंतीक्रम

फॉर्मवर तीन रिकाम्या ओळी होत्या.
"पसंतीक्रम लिहा," म्हणाल्या घुमरे सिस्टर,
"शुक्रवारपर्यंत. खाडाखोड नको."

हेमांगी कर्डकने उभ्याउभ्याच लिहिलं: अपघात विभाग.
तिला मेसच्या रांगेतही थांबवत नाही,
सिग्नल सुटायच्या आत तिची स्कूटी
त्र्यंबक नाक्याच्या पलीकडे.

जमुना गावित, सुरगाण्याची,
झोपेतही बोलणारी,
तिने मागितली नवजात बाळांची काचपेटी.
"तिथं मला कुणी गप्प बस म्हणणार नाही,"
म्हणाली, आणि बराच वेळ गप्प बसली.

मी पेनाचं टोपण चावत राहिले.
माझं तर सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं:
अबोल आहे, ऑपरेशन थिएटरात शोभेल.
पेशंट झोपलेला,
कात्री मागितली की कात्री द्यायची.

मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.
पण मागच्या महिन्यात, मनोविकार वॉर्डात,
निफाडकडचे रायते काका
खिडकीतून द्राक्षाचे घड मोजायचे.
बाहेर पार्किंग होतं.
मी शेजारी बसायचे, बाहेर बघत.
चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमचे किती झाले?"
"सत्तावीस."
"हळू मोजता. चांगलं आहे.
घाई केली की मणी गळतात."

शुक्रवारी पहिल्या ओळीवर तोच वॉर्ड लिहिला.
उरलेल्या दोन तशाच ठेवल्या.
घुमरे सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं,
"तिथं बोलावं लागतं गं, बाई."

मी काहीच बोलले नाही.
त्यांनी शिक्का मारला.